काल रात्री पुन्हा

चष्म्याच्या दुकानात, मागच्या अरुंद खोलीत, लेकीच्या नाकावर तो काचा बदलायचा जड चष्मा चढवलेला होता आणि ती समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होती. चौथ्या ओळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. आई दाराशी बाकावर बसली होती, मांडीवर लेकीचं दप्तर. बाजूला एक बाई आपल्या मुलाचा नंबर लागायची वाट बघत होती. ती मघापासून आपल्याकडे टक लावून बघतेय हे हिला कळत होतं, पण चेहरा ओळखीचा नव्हता. हिनं दुकानदाराला काहीतरी विचारलं आणि त्या बाईनं एकदम हिच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही 'कोरडी सकाळ'वाल्या ना? आवाजावरून ओळखलं मी. रोज ऐकते तुम्हाला." ही हसली. असं अधूनमधून व्हायचं आणि झालं की बरं वाटायचं. मग त्या बाईनं आत पाहिलं. "म्हणजे ही पिल्लू? अगंबाई, केवढी मोठी झाली. अजून होतं का हो तिला अंथरुणात? कालच वाचलं मी, फार वाईट वाटलं." लेकीचा आवाज थांबला. दुकानदार म्हणाला, "हं, पुढची ओळ." लेक म्हणाली, "दिसत नाही." "अगं, मघाशी तर वाचलीस." "आता दिसत नाही," लेक म्हणाली. आणि हिच्या तोंडून, त्या बाईकडे बघून, अगदी सवयीनं बाहेर पडलं, "धन्यवाद. वाचत राहा."

घरी येताना लेक दोन पावलं पुढे चालत होती. दोन म्हणजे दोनच. ना तीन, ना एक. सिग्नलला ती थांबली तेव्हाही तेवढं अंतर राखून थांबली. मागून तिची मान दिसत होती, वेणीखालचे बारीक केस, आणि हिच्या मनात आलं की ही चौकट चांगली आहे. पाठमोरी मुलगी, हातात दप्तर. चेहरा कधी दाखवायचा नाही हा हिचा पहिल्यापासूनचा नियम होता आणि त्याचा हिला अभिमानही होता. बाकीच्या आया पोरांची तोंडं रंगवून कॅमेऱ्यासमोर उभी करतात; हिनं सहा वर्षांत पाठ, पाय, केस आणि उशीवरचा हात याखेरीज काही दाखवलं नव्हतं. नावही कधी लिहिलं नाही. पिल्लू, बस. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती नवऱ्याला सांगायची. आता त्या मुठीत काय उरलं होतं कोण जाणे. या वेळी आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. लाज, राग, निदान पोटात गोळा. पण दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो आणि चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. तिनं चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. रस्ता ओलांडताना तिनं फोन काढून पाहिला आणि परत ठेवला.

सहा वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यालयातली कारकुनी सुटल्यावर तिनं हा 'कोरडी सकाळ' नावाचा धंदा सुरू केला तेव्हा तिच्याकडे एक शिलाई मशीन होतं, जाड सुती कापडाचे तागे होते आणि एक साधी कल्पना होती. लहान मुलांच्या चादरीखाली घालायचं अस्तर, पाणी आत धरून ठेवणारं, रबरासारखं न चिकटणारं, धुऊन दोन तासांत वाळणारं. माल चांगला होता. पण चांगला माल बोलत नाही. कापडाचे फोटो टाकून टाकून बोटं दुखली आणि विकत घेणारी माणसं मिळाली दोन, एक नणंद आणि एक नणंदेची मैत्रीण. मग तिनं एका माणसाचा ऑनलाइन कोर्स केला. तो हसतमुख माणूस दर वाक्यानंतर "पटतंय ना?" विचारायचा. तो म्हणाला, वस्तू विकू नका, गोष्ट सांगा. तुमची सगळ्यात खाजगी गोष्ट हेच तुमचं भांडवल. पटतंय ना? तिला पटलं. त्याच आठवड्यात एका मंगळवारी, लेक शाळेत गेलेली असताना, तिनं एका बैठकीत ते लिहून काढलं. मथळा दिला 'काल रात्री पुन्हा'. मुलगी मध्येच जागी होते, हलत नाही, कुणाला उठवत नाही, ओल्यातच कडेला सरकून सकाळची वाट बघत पडून राहते. आई सकाळी चादर ओढते आणि मुलगी झोपेचं सोंग घेते. अस्तराचा उल्लेख फक्त शेवटच्या चार ओळींत होता. संध्याकाळपर्यंत तीनशे बायकांनी ते वाचलं होतं आणि अर्ध्याअधिक रडल्या होत्या. त्यांनी तसं लिहिलं होतं.

तेव्हापासून धंद्याला पाय फुटले. मंगळवारी ब्लॉग, गुरुवारी रील, रविवारी प्रश्नोत्तरं. पण पिल्लूची ती पहिली पोस्ट म्हणजे दुभती गाय होती. 'मूल अंथरूण ओलं करतं काय करावं' असं कुणीही कुठंही शोधलं की तीच वर यायची, आणि दहातली सात गिऱ्हाइकं त्याच दारानं आत यायची. ती वर राहावी म्हणून तिला खाऊपिऊ घालावं लागतं, हेही त्या कोर्सवाल्यानंच शिकवलं होतं. दर दोन महिन्यांनी उघडायची, चार शब्द इकडचे तिकडे करायचे आणि तारीख आजची टाकायची. शोधणाऱ्या यंत्राला ताजं अन्न आवडतं. एकदा तो म्हणाला, वय काढून टाका ताई, सात लिहिलंत तर दहा वर्षांच्या मुलाची आई पुढे निघून जाईल. तिनं सात काढलं. तेवढंच. हा सगळा कामाचा भाग होता, कुंडीला पाणी घालण्याइतका. यात कुणाच्या जिवाचा संबंध येत असेल असं तिच्या मनाला कधी शिवलं नाही, आणि त्याबद्दल तिला कुणी हटकलंही नाही.

घरी आल्यावर लेकीनं बूट काढले, ते नीट जागेवर ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तेरा वर्षांची मुलगी, पण उभी राहायची पद्धत एखाद्या तक्रार घेऊन आलेल्या भाडेकरूची. "शिबिरातून माझं नाव काढलंय मी," ती म्हणाली. शाळेचं तीन दिवसांचं शिबिर होतं, पुढच्या शुक्रवारपासून. त्यासाठी तिनं दोन महिने आधी पिशवी आणली होती.

"का गं?"

"वर्गातल्या पोरींनी विचारलं, अस्तर तू घरून आणणार की तिथं मागवायचं."

हिनं गॅस बंद केला. "त्यांना कुठं कळलं?"

"आई, सर्च केलं की पहिलं तेच येतं. तूच सांगतेस ना सगळ्यांना, पहिलं येतं म्हणून." मग लेक हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, लहानपणीचं आहे. तर त्या म्हणाल्या तारीख गेल्या महिन्याची आहे. आणि वर लिहिलंय काल रात्री. मी काय सांगू त्यांना? काढ ते."

"हे बघ, तुला काय वाटत असेल ते मी समजू शकते. तू मोकळेपणानं बोललीस हे मला आवडलं. आपण दोघी मिळून..."

"कॉमेंटला उत्तर देतेस तसं बोलू नकोस माझ्याशी," लेक म्हणाली आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, त्याला निदान काहीतरी म्हणता आलं असतं.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तर तो आधी हसला, मग हिचा चेहरा पाहून थांबला. तो बसच्या वेळापत्रकाचं काम बघतो. दिवसभर लोकांना उशीर का झाला याची कारणं देऊन तो इतका तयार झालाय की घरातही त्याच्याकडे कारण लगेच असतं. "पोरं आहेत, दोन दिवस चिडवतील नि विसरतील," तो म्हणाला. "पण काढायचंच असेल तर काढ की. एक बटण दाबायचं." मग थोड्या वेळानं, पाण्याचा ग्लास धुता धुता, "मात्र मग काकूंना काय सांगशील?" काकू म्हणजे शिवणाऱ्या काकू. समोरच्या गल्लीतून सकाळी येतात, हिच्याच बाहेरच्या खोलीत बसून दुपारपर्यंत अस्तरं शिवतात, आणि त्यांचं घर त्याच्यावरच चालतं. एकीकडे आड नि एकीकडे विहीर, असं म्हणून तो बातम्या बघायला गेला. हे त्याचं नेहमीचं. अडचण नेमकी शब्दांत पकडायची आणि तिथंच सोडून द्यायची.

चार दिवस लेक बोलली नाही. म्हणजे बोलायची, मीठ दे, दार लाव, पण ते बोलणं टपालाच्या पाकिटावरच्या पत्त्याइतकंच. आईनं त्या चार दिवसांत नेहमीची सगळी कामं केली. मंगळवारचा ब्लॉग लिहिला, विषय गादीचा वास. एका बाईनं विचारलं, पिल्लू कशी आहे, तर तिनं लिहिलं, मजेत. लिहिताना बोट अडखळलं नाही. पाचव्या दिवशी काकूंच्या कानावर ते गेलंच. त्यांनी मशीन थांबवलं, सुई वर करून ठेवली आणि म्हणाल्या, "मला मेलीला वाचता येत नाही म्हणून मला कुणी काही सांगत नाही. पण मला एक सांगा ताई, ही पोर कधी ओलं करायची हो? सहा वर्षं मी या खोलीत बसतेय. समोर तुमची दोरी आहे. एक गादी वाळत घातलेली पाहिली नाही मी." ही म्हणाली, "करायची काकू. लहान होती." "लहान म्हणजे सातचीच ना? मी आले तेव्हा सातचीच होती," काकू म्हणाल्या आणि पुन्हा मशीनवर वाकल्या. त्यांना उत्तराची गरज नव्हती.

तिला मात्र ती रुखरुख लागून राहिली. ती आठवायला बसली. लेकीच्या अंथरुणाची एक सकाळ, एक चादर, एक वास. मिळाली ती एकच आठवण, दोन दिवस सलग आलेल्या तापाची, तेव्हा पोर ग्लानीत होती आणि दोनदा झालं होतं. त्यात कडेला सरकणं नव्हतं. सोंग नव्हतं. तिनं आपली पोस्ट उघडली आणि एखाद्या अनोळखी बाईनं लिहिलेली असावी तशी वाचली. मुलगी भिंतीकडे सरकते. भिंतीचा पोपडा नखानं काढत राहते. या घरात पोपडे कधी नव्हतेच, भिंती पहिल्यापासून गुळगुळीत. पोपडे होते मामाच्या घरी. हिरवट भिंत, पोपड्याखाली जुना निळा रंग, आणि नखात अडकलेली चुन्याची पूड. ही स्वतः तेव्हा दहा वर्षांची होती. आई आजारी पडली म्हणून हिला दीड वर्ष मामाकडे ठेवलं होतं, आणि त्या दीड वर्षात जवळजवळ रोज. मामी कधी रागावली नाही. खरंच नाही. सकाळी यायची, चादर ओढायची, गादीची गुंडाळी करायची आणि पुढच्या गॅलरीत कठड्यावर नेऊन टाकायची, रस्त्याकडे तोंड करून, मधोमध पिवळा नकाशा. खालून शाळेची मुलं जायची. मामी वाईट नव्हती. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, अगं, ऊन तिकडंच येतं. आणि ते खरंही होतं, मागच्या बाजूला दिवसभर सावली. ही दप्तर घेऊन खाली उतरायची तेव्हा मान वर करायची नाही. दीड वर्ष तिनं त्या घराची गॅलरी खालून पाहिली नाही. परत आईकडे आली तेव्हा ते आपोआप बंद झालं, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या आईला नाही. त्या कोर्सवाल्याला हवी होती ती सगळ्यात खाजगी गोष्ट तिनं बरोबर शोधून काढली होती, फक्त टाकताना लेकीच्या अंगावर टाकली होती. सहा वर्षं ती गादी रोज कठड्यावर नेऊन टाकत होती, वर दर दोन महिन्यांनी ताजी ओली करून. गिऱ्हाईक तिकडूनच यायचं. हे सगळं तिला अगदी स्पष्ट कळलं, आणि कळल्यावरही आत काही हललं नाही. आपण वाईट आहोत असं तिला वाटलं नाही. आपल्याला वाटतच नाही, एवढंच तिला वाटलं, आणि त्याची मात्र थोडी भीती वाटली.

दुपारी काकू गेल्यावर ती संगणकासमोर बसली. बटण दाबायचं ठरवूनच बसली होती. पण बटणावर हात गेल्यावर तिनं तो मागे घेतला, आणि याचं कारण धंदा होता की आणखी काही, ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. तिनं पोस्ट दुरुस्तीसाठी उघडली आणि पहिल्या वाक्यातून मुलीला काढलं. तिथं स्वतःला बसवलं. मग दुसऱ्यातून. तिला वाटलं होतं, बरंच काही नव्यानं लिहावं लागेल. पण वाक्यांनी जराही कुरकुर केली नाही. सगळं जिथल्या तिथं बसत गेलं. फक्त शेवटी चादर ओढणारी आई होती, तिथं मामी लिहिलं आणि गॅलरी घातली, कठडा घातला, ऊन घातलं. मग तिनं लिहिलं की माझी मुलगी या गोष्टीत कधीच नव्हती, तिला मी यात ओढलं, तारखाही मीच बदलत राहिले. अस्तराच्या चार ओळी तिनं काढून टाकल्या. मग एका वहीच्या कागदावर तीन ओळी लिहून त्या लेकीच्या दप्तरात, गणिताच्या पुस्तकात ठेवल्या. ती पोस्ट आता वाच, तुला तिथून काढलंय, शिबिराच्या बाईंशी मी बोलते. सही केली आई म्हणून. एवढंच लिहायला तिला संगणकापेक्षा जास्त वेळ लागला.

पुढचे दोन दिवस व्हायचं ते झालं. काही जणींनी लिहिलं, आमची फसवणूक केलीत. एक म्हणाली, मी त्या पोरीसाठी रडले होते, ते रडणं परत द्या. काहींनी जवळ घेतल्यासारखं लिहिलं, आणि एकीनं साधं विचारलं, मोठेपणी आपोआप जातं का हो? तिला हिनं उत्तर दिलं, जातं. पोस्ट पहिल्या जागेवरून चौथीवर घसरली, मग दुसऱ्या पानावर गेली. काकूंचं काम आता अर्ध्यावर येणार हे दिसायला लागलं. हिनं ते त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातल्या अस्तराची घडी घातली आणि म्हणाल्या, "तुमच्या हातातलं होतं ते तुम्ही केलंत. मी बघते, पडदे शिवायचं कुणाचं असेल तर." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून हिनं मान खाली घातली.

शुक्रवारी सकाळी शिबिराची पिशवी दाराशी होती. लेकीचं नाव पुन्हा घातलं गेलं होतं. वर्गातल्या दोन मुली येऊन काहीतरी बोलून गेल्याचंही नवऱ्याकडून कळलं. बस यायला अवकाश होता. आई सोफ्यावर बसून पिशवीच्या बंदाची निघालेली शिवण हातानं टाचत होती. लेक आली आणि बाजूला बसली. मध्ये जागा सोडली नाही.

"मामी तुला ओरडायची?"

"नाही."

"मारायची?"

"नाही गं. काहीच बोलायची नाही."

"मग तू तिला सांगितलं का नाहीस, इकडे टाकू नको म्हणून?"

"माहीत नाही. सांगता येतं हेच माहीत नव्हतं."

"मी सांगितलं तुला," लेक म्हणाली.

"हो. तू सांगितलंस."

मग लेकीनं डोकं हिच्या खांद्यावर टेकलं. तेरा वर्षांच्या मुलीचं डोकं जड असतं. तीन-चार वर्षांत हा भार इथं आला नव्हता. केस ओले होते, त्यांना साबणाचा वास होता, आणि खांद्यावर ब्लाउज हळूहळू गार होत चाललं होतं ते केसांच्या पाण्यानं की ती रडत होती म्हणून, ते बघायला मान वळवावी लागली असती. हिनं वळवली नाही. सुई धरलेला हात तसाच हवेत राहिला. आता वाटेल, ती मनात म्हणाली, आता काहीतरी वाटेल. ती वाट बघत बसली. आणि जे आलं ते वाक्य होतं. आज सकाळी माझ्या लेकीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. चांगलं वाक्य होतं. छोटं, थेट, मथळ्याखाली शोभेल असं.

"आई, हे लिहू नकोस हं," लेक खांद्यातच पुटपुटली.

"नाही लिहिणार," ती म्हणाली, आणि ते खरं होतं, ती ते कधीच लिहिणार नव्हती. तिनं मोकळा हात उचलून लेकीच्या केसांवर ठेवला. हात ठेवला तेव्हा दुसरी ओळही तयार झाली होती.